तिने मला सांगितले. आता मी काय करावे?

रानजाई

नमस्कार. मी गेली १९ वर्षे अमेरिकेत राहते. मंडळाच्या एका कामानिमित्त एक तरुण मुलगी काही आठवडे माझ्या घरी येत होती. ती नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून आहे, म्हणजे एच-४ वर. गेल्या आठवड्यात हातातले काम न थांबवता आणि मान वर न करता तिने मला सांगितले की नवरा मारतो.

मी त्यावर म्हणाले, "अगं, पण तो तर किती शांत वाटतो." तिने लगेच सावरून घेतले. "तसं काही नाही हो काकू, त्याला कामाचा ताण असतो," असे म्हणाली आणि विषय तिथेच संपला. त्या एका वाक्याने मी उघडलेले दार तिच्या तोंडावर लावले, हे माझ्या लक्षात यायला रात्र व्हावी लागली, आणि त्यानंतर मला नीट झोप लागलेली नाही.

घरात यजमानांचे मत असे की दोघांना जेवायला बोलवावे आणि मोकळेपणाने समोरासमोर बोलून घ्यावे. माझी एक मैत्रीण म्हणते की सरळ पोलिसांना कळवावे. मला दोन्ही गोष्टींची भीती वाटते. माझे ते वाक्य मी परत कसे घेऊ, आणि त्यानंतर नेमके काय करू? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

(संपादित: विदिशा यांच्या सूचनेवरून ओळख पटू शकेल असे तपशील काढले आहेत.)

चारुशीला

ती पुन्हा बोलेल याची वाट पाहू नका. पुढच्या भेटीत, ती एकटी असताना, "त्या दिवशी मी चुकीचे बोलले, तू जे सांगितलेस त्यावर माझा विश्वास आहे" एवढे आपणच म्हणावे आणि थांबावे.

मृण्मयी

रानजाई ताई, कृपा करून त्यांना जेवायला बोलवू नका.

माझ्यासाठी अशी बैठक झाली होती. माझ्या मामांच्या घरी, पुण्यात, लग्नाच्या तिसऱ्या वर्षी. सगळी वडीलधारी मंडळी चांगल्या हेतूने जमली होती. त्यांनी मला सांगितले की मनात काही ठेवू नकोस, सगळे बोल, आणि मी बोलले. त्याने सर्वांसमोर हात जोडले, मामांच्या पाया पडला, डोळ्यांत पाणी आणले. मामी म्हणाल्या की बघ, किती चांगला मुलगा आहे, चूक कबूल करायलाही मोठे मन लागते. मग आम्ही आमच्या घरी परत आलो आणि त्या रात्री मी बोललेल्या प्रत्येक वाक्याचा हिशेब माझ्याकडून घेतला गेला. त्यानंतर चार वर्षे मी कोणालाही काहीही सांगितले नाही. मामांनी सहा महिन्यांनी फोनवर विचारले तेव्हा मीच म्हणाले की आता सगळे छान आहे.

जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते तिथे समोरासमोर बसवून समेट होत नाही. भीती वाटणारा माणूस घरी परतल्यावर काय होईल याचा विचार करूनच प्रत्येक शब्द उच्चारतो. आपल्याकडे लोक अगदी सहज म्हणतात की भांड्याला भांडे लागतेच. दोन्ही भांडी सारख्या वजनाची असतील तर तसे म्हणता येते.

मला उपयोग झाला तो खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा. त्या एवढेच म्हणाल्या, "आमची बेल कितीही वाजता वाजवा, का आलात ते मी विचारणार नाही." माझी प्रमाणपत्रे, बँकेची पुस्तके आणि लेकीचा जन्मदाखला त्यांच्या कपाटात, गोधड्यांच्या घडीत १४ महिने होता. या काळात मी दोनदा घर सोडले आणि दोन्ही वेळा परत गेले. वहिनींनी एकदाही "परत कशाला गेलात" असे विचारले नाही, म्हणूनच तिसऱ्या वेळी मी त्यांच्याकडे जाऊ शकले.

विदिशा

मी कॅलिफोर्नियात दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत अनेक वर्षे स्वयंसेवक आहे. रानजाई, सर्वांत आधी आपल्या लेखातील शहराचा, कामाचा आणि तिच्या येण्याच्या वारांचा उल्लेख काढून टाका. मराठी मंडळी संख्येने थोडी आहेत, हा धागा तिचा नवराही वाचू शकतो, आणि तिने कोणाला तरी सांगितले हे त्याला कळणे हाच तिच्यासाठी मोठा धोका ठरू शकतो.

आता पोलिसांविषयी. आपल्या डोळ्यांसमोर किंवा फोनवर मारहाण चालू असेल, जीव धोक्यात असेल, तर ९११ ला फोन करण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. एरवी मात्र तो निर्णय तिचा आहे, आणि त्याचे कारण व्यावहारिक आहे. अनेक राज्यांत मारहाणीच्या खुणा दिसल्या तर अटक करणे पोलिसांवर बंधनकारक असते. नवऱ्यावर गुन्हा सिद्ध झाला तर त्याच्या व्हिसावर परिणाम होऊ शकतो, आणि तिचा व्हिसा त्याच्याच व्हिसाला टांगलेला आहे. हे सगळे तिला ठाऊक असते. म्हणून ती गप्प असते. तिला धीर नाही अशी समजूत आपण करून घेतो, प्रत्यक्षात तिने ते गणित आपल्याआधी मांडलेले असते.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगते. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्यानुसार पत्नीला नवऱ्याच्या मदतीशिवाय, त्याला न कळता स्वतःचा अर्ज करता येतो. एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या पत्नीला ती वाट नाही. तिच्यासाठी २००५ च्या दुरुस्तीने, अत्याचार सिद्ध करता आल्यास, काम करण्याचा परवाना मिळण्याची सोय झाली. गुन्ह्याला बळी पडून तपासात सहकार्य करणाऱ्यांसाठी २००० सालापासून यू व्हिसा आहे, पण त्याची मर्यादा वर्षाला १०,००० असल्यामुळे वर्षानुवर्षे थांबावे लागते. न्यायालयाचा संरक्षण आदेश मात्र कोणत्याही व्हिसावर असलेल्या व्यक्तीला मागता येतो. हे बहुतेक मुलींना माहीत नसते, आणि "तुला हाकलून देतील" ही धमकी त्या अज्ञानावरच चालते.

न्यू जर्सीत मानवी ही संस्था १९८५ पासून आहे, न्यूयॉर्कला सखी १९८९ पासून आणि आमच्या भागात मैत्री १९९१ पासून. या संस्थांच्या फोनवर कोणीही तिला घर सोड असे सांगत नाही. तिला आज रात्री सुरक्षित कसे राहता येईल, इथून बोलणे सुरू होते. आणि तिने फोन करण्यापूर्वी आपण स्वतः फोन करून "मी कसे बोलू" असे विचारलेत तरी ते आपल्याशी बोलतील.

निखिल_स

विदिशा यांच्या मुद्द्याला जोडून माझ्या क्षेत्रातले सांगतो. दोघांचे मोबाईल एकाच कौटुंबिक योजनेत असतील तर तिने कोणत्या क्रमांकावर किती वेळ बोलणे केले हे बिलावर दिसते. फोन कुठे आहे हे नवऱ्याला दिसत असते, दाराच्या बेलमध्ये कॅमेरा असतो, गाडीही आपण कुठे आहोत ते सांगते. तरीही तिला एकदम सगळे बंद करायला सांगू नका, कारण बंद झालेले त्याला लगेच जाणवेल. तिने माहिती शोधायची असेल तर आपल्या फोनवरून किंवा सार्वजनिक वाचनालयातील संगणकावरून शोधावी. आपण तिला हेल्पलाइनचा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये.

समंजस

सर्वांचा हेतू चांगला आहे हे मान्य करूनही मला वेगळे मत मांडायचे आहे. आपण एकाच बाजूचे ऐकले आहे, तेही एका वाक्यात. माझ्या सख्ख्या भावावर ४९८-अ खाली, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाखाली, तक्रार झाली होती. सहा वर्षे तो आणि आमचे वृद्ध आईवडील न्यायालयाच्या फेऱ्या मारत होते, आणि शेवटी तो निर्दोष सुटला. ती सहा वर्षे परत कोण देणार? दोन्ही बाजू ऐकून मगच मध्ये पडावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

केशव ठाणेकर

समंजस, आपल्या भावाचे दुःख मी नाकारत नाही. पण दोन्ही बाजू ऐकण्याचे काम मी एकदा केलेले आहे, म्हणून लिहितो.

२००९ साली माझी मुलगी लग्नानंतर पाच महिन्यांनी माहेरी आली. हातावर खुणा होत्या. मी जावयाला फोन केला, व्याह्यांशी बोललो, दोन्ही बाजू ऐकल्या आणि मला वाटले की मी न्यायाने वागलो. जावई म्हणाले की ती उलट बोलते. व्याही म्हणाले की मुलीला थोडे वळण हवे. घरात धाकटीचे लग्न ठरायचे होते. हिला आणि मला दोघांनाही वाटले की झाकली मूठ राहिलेली बरी. मी स्वतः मुलीला गाडीने तिच्या सासरी नांदायला सोडून आलो. गाडीत ती एक शब्द बोलली नाही. मी तिला वाटेत वडापाव घेऊन दिला होता, तो तसाच कागदात गुंडाळलेला मागच्या सीटवर मला घरी आल्यावर सापडला.

दोन महिन्यांनी ती पुन्हा आली, पुन्हा मी सोडले. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे आलीच नाही. ती ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या भाड्याच्या खोलीवर गेली आणि मला ते नऊ दिवसांनी कळले. आज ती नाशिकला आहे, चांगली नोकरी करते, दिवाळीला येते, माझ्याशी नीट बोलते. मात्र तिला बरे नसले तर फोन त्या मैत्रिणीला जातो. गेल्या वर्षी तिचे ऑपरेशन झाले ते आम्हाला ती घरी आल्यावर समजले.

आपण ऐकून घेणारे आहोत की निवाडा करणारे, हे त्या पहिल्या दिवशी ठरते. मी निवाडा करायला बसलो.

मृण्मयी

काका, आपण हे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या मामांनी हे कधी तरी म्हणावे असे मला फार वाटत आले आहे.

अ‍ॅड. वर्षा

मी नागपुरात वकिली करते. समंजस यांच्या मुद्द्याला उत्तर देणे आवश्यक वाटते.

४९८-अ हे कलम १९८३ साली आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ८५ आणि ८६ म्हणून आहे. तक्रार झाली की लगेच अटक, हा प्रकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात थांबवला. अटक का आवश्यक आहे हे पोलिसांना लेखी नोंदवावे लागते. खटले रेंगाळतात आणि त्यात निर्दोष माणसे भरडली जातात, हे मी रोज पाहते. त्याच न्यायालयात पोटगीच्या तारखांसाठी लेकरू कडेवर घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकाही मी रोजच पाहते.

पण रानजाई यांचा प्रश्न खटल्याचा नाहीच. एखाद्या मुलीचे ऐकून घेतल्याने कोणालाही शिक्षा होत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले, आणि हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. न केलेल्या तक्रारींचे हे प्रमाण डोळ्यांसमोर असताना, एकीने तोंड उघडले की आधी तिची उलटतपासणी घ्यावी, हे मला पटत नाही.

भारतात असणाऱ्या वाचकांसाठी: २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, तो मुळात दिवाणी स्वरूपाचा दिलासा देतो. संरक्षण आदेश, घरात राहण्याचा आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, हे सगळे एकाच अर्जात मागता येते आणि निकड असेल तर दंडाधिकारी दुसऱ्या बाजूला बोलावण्याआधीही अंतरिम आदेश देऊ शकतात. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो. या कायद्यात मारहाणीबरोबरच शिवीगाळ, पैशाची कोंडी, स्त्रीधन अडकवून ठेवणे हेही येते. अर्ज करायला वकील लागतोच असे नाही, संरक्षण अधिकारी तो भरून देतात.

आपल्याकडे आणखी एक चांगली गोष्ट आहे, जिचा उल्लेख फारसा होत नाही. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या बसतात. आज असे कक्ष महाराष्ट्रभर आहेत. पोलीस ठाण्यात गेल्यावर थेट हवालदारासमोर उभे राहण्यापेक्षा तिथे बसून बोलणे अनेकींना सोपे जाते. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांकही आहेच.

समंजस

वर्षाताई, ऐकून घेणे आणि दोषी ठरवणे यांतला फरक मी मघाशी केला नव्हता, तो मान्य करतो. ठाणेकर काकांचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. भावाच्या बाबतीतले माझे मत बदललेले नाही, पण या मुलीला भेटणाऱ्याने काय करावे याबाबत माझा सल्ला मी मागे घेतो.

टेम्सकाठ

मी लंडनमध्ये रुग्णालये आणि न्यायालये यांच्यासाठी मराठी-हिंदी दुभाषा म्हणून काम करते. मला भाषेविषयी एक गोष्ट सांगायची आहे, कारण रानजाई यांना पुढच्या वेळी ती उपयोगी पडेल.

आपल्या बायका क्वचितच "मारतो" म्हणतात. त्या म्हणतात "त्रास देतो", "नीट वागवत नाही", "जरा हात उचलतो", "घरात वाजतं". यातल्या "त्रास" या एका शब्दात टोमण्यांपासून गळा दाबण्यापर्यंत काहीही असू शकते. मी सुरुवातीच्या काळात एकदा त्याचे इंग्रजी अगदी शब्दशः, कटकट या अर्थाने केले आणि समोरच्या अधिकाऱ्याने कागद मिटला. नंतर मी ठरवले की "त्रास म्हणजे काय होतं ते सांगाल का" असे विचारण्याची परवानगी आधी मागायची. शरीरसंबंधांतल्या जबरदस्तीला तर आपल्याकडे बायकांच्या तोंडी शब्दच नाही. "रात्रीचा त्रास" एवढेच म्हणतात आणि मान खाली घालतात.

म्हणून तुमच्या त्या मुलीने "मारतो" असा उघड शब्द वापरला याचा अर्थ तिने तो बोलण्याआधी पुष्कळ दिवस मनात धरला असणार.

इथल्या इतिहासाची आठवणही करून देते. साउथहॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था १९७९ मध्ये उभी राहिली. किरणजीत अहलुवालिया या पंजाबी स्त्रीने दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ मध्ये झोपलेल्या नवऱ्याला पेटवून दिले, त्यात त्याचा मृत्यू झाला आणि तिला जन्मठेप झाली. या संस्थेने लढा दिला, आणि १९९२ मध्ये अपिलात खुनाचा निकाल रद्द होऊन पुढे त्याच वर्षी तिची सुटका झाली. तिने त्या दहा वर्षांत कुटुंबातल्या लोकांना सांगितले नव्हते असे नाही. तिला घराण्याच्या अब्रूसाठी थांबायला सांगितले गेले. २०१५ पासून इथे माणसाला सतत धाकात ठेवणे, त्याचे पैसे, कपडे, फोन, मित्र यांवर ताबा ठेवणे हा एकही फटका न मारता होणारा स्वतंत्र गुन्हा आहे.

सोनटक्का

आपण सगळेजण नवरा-बायकोविषयीच बोलतो आहोत. माझ्या आईला माझा भाऊ मारत असे. ती ७१ वर्षांची होती. तिला तर माहेरही उरले नव्हते, आणि मुलाची तक्रार करायची म्हणजे स्वतःच्या पोटाची तक्रार, असे ती म्हणे. २००५ चा कायदा आईलाही लागू होतो आणि ज्येष्ठांसाठी २००७ चा वेगळा कायदा आहे, हे आम्हाला फार उशिरा समजले. शेजारी तिला पाहून दार लावून घेत असत. त्यांना वाईट वाटत असे, हे मला माहीत आहे.

डॉ. मीनल

वैद्यकीय बाजूने दोनच गोष्टी लिहिते.

पहिली, गळा दाबण्याविषयी. "एकदाच दाबला होता, खूणही नाही" असे कोणी सांगितले तर ते किरकोळ समजू नका. बाहेर काहीही न दिसता आतल्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते, आवाज बसणे, गिळताना दुखणे, चक्कर येणे अशा लक्षणांसाठी तातडीने तपासणी हवी. ज्या घरात गळा दाबला गेला आहे तिथे पुढे जीव जाण्याचा धोका बराच वाढलेला असतो. गरोदरपण, मारून टाकण्याची धमकी, आणि ती घर सोडणार असल्याचे त्याला कळणे, हेही तसेच धोक्याचे काळ आहेत. घर सोडतानाचा काळ सर्वांत नाजूक असतो, म्हणूनच "आत्ताच्या आत्ता नीघ" हा सल्ला योजनेशिवाय देऊ नये.

दुसरी, एकटीला विचारण्याविषयी. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून दिलासा केंद्र सुरू केले. रुग्णालयातच समुपदेशन मिळते, त्यामुळे बाई "दवाखान्यात जाते" म्हणून घरातून निघू शकते. तिथल्या कामातून आम्ही अनेक डॉक्टर शिकलो की सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवून मगच प्रश्न विचारायचा, आणि जिन्यावरून पडले, कपाट लागले असे सांगितले तरी जखमेची जागा, आकार आणि रंग केसपेपरवर नीट लिहायचा. तो कागद पाच वर्षांनीही तिच्या कामी येतो.

विदिशा

एक राहिले. तिला मूल असेल आणि ती मुलाला घेऊन भारतात जाण्याचा विचार करत असेल, तर विमानात बसण्याआधी वकिलाशी बोलणे अत्यावश्यक आहे. भारत मुलांच्या अपहरणासंबंधीच्या हेग करारात नाही, पण दुसऱ्या पालकाच्या हक्काला बाधा आणून मुलाला देशाबाहेर नेणे हा अमेरिकेत १९९३ पासून संघराज्याचा गुन्हा आहे. माहेरी पोहोचल्यावर सुटलो असे वाटते आणि मग परतीचे दार आणि मुलाचा ताबा दोन्ही अडचणीत येतात.

अ‍ॅड. वर्षा

आणि ती एकटी भारतात आली किंवा तिला इथे आणून सोडून दिले, तर तिने घाबरून जाऊ नये. २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की छळामुळे घर सोडावे लागलेली स्त्री जिथे आश्रयाला आली आहे तिथेही ४९८-अ ची तक्रार करू शकते. परदेशात परस्पर मिळवलेला घटस्फोट भारतात आपोआप ग्राह्य धरला जात नाही, हे १९९१ पासून ठरलेले आहे. तो कागद डाकेने आला म्हणून सही करून परत पाठवू नये.

रानजाई

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत. काय झाले ते, सांगता येईल तेवढे सांगते.

मी आधी स्वतः फोन करून कसे बोलावे ते विचारून घेतले. मग ती आली तेव्हा चारुशीला यांनी सांगितलेले वाक्य म्हणाले. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. नंतर तिने विचारले, "काकू, तुमच्या फोनवरून एक फोन करू?" मी तिला आतल्या खोलीत नेले, दार लावून घेतले आणि बाहेर बसून राहिले. ती ४० मिनिटे बोलली. बाहेर आली, तोंड धुतले, चहा घेतला, आणि पाच वाजले तशी घरी गेली.

मला आतून ओरडावेसे वाटत होते की जाऊ नकोस. मी तिला डबा दिला आणि "शुक्रवारी येशील ना" एवढेच विचारले. ती हो म्हणाली. यजमानांना मी मृण्मयी यांचा प्रतिसाद वाचायला दिला होता. त्यांनी जेवणाचा विषय पुन्हा काढलेला नाही. पण ती त्या घरात आहे आणि मी इथे कुकर लावते आहे, हे मला सहन होत नाही. हे सर्वांना असेच होते का?

मृण्मयी

होते, ताई. वहिनींना पुढे किती तरी वर्षांनी मी हेच विचारले. त्या म्हणाल्या की माझ्या घरातला दिवा बंद होईपर्यंत त्या जाग्या राहत असत. आपल्यालाही कोणाशी तरी बोलावे लागेल. त्या संस्थेचा फोन आपल्यासाठीही आहे. आणि शुक्रवारी ती आली, तर आधी कामाचेच बोला.

केशव ठाणेकर

तिचे कागद ठेवण्यासाठी एक जागा रिकामी करून ठेवा.

रानजाई

ठेवली आहे, काका. ती शुक्रवारी आली होती.

पारिजात_१२

नमस्कार. या आयडीने मी प्रथमच लिहिते आहे. चार दिवस हा धागा वाचते आहे. वर्षाताईंना एक विचारायचे होते. माझी एक मैत्रीण पुण्याजवळ राहते. घर तिच्या सासऱ्यांच्या नावावर आहे, आणि तिला नेहमी सांगितले जाते की तुझे इथे काहीही नाही, कधीही बाहेर काढू. ते खरे आहे का? तिचे दागिने आणि पासपोर्टही सासूबाईंच्या कपाटात आहेत. हे मी मैत्रिणीसाठी विचारते आहे.

अ‍ॅड. वर्षा

पारिजात, आपल्या मैत्रिणीला सांगा की ते खरे नाही. ज्या घरात ती लग्नानंतर नांदते आहे तिथे राहण्याचा तिला कायद्याने हक्क आहे, घर तिच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असो वा नसो. घर सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. न्यायालयाच्या आदेशावाचून तिला बाहेर काढता येत नाही. हा हक्क तिला त्या घरात राहता यावे म्हणून आहे, मालकी मिळावी म्हणून नव्हे, एवढे तिला समजावून सांगा. दागिने तिचे स्त्रीधन आहे आणि ते तसेच कागदपत्रे परत देण्याचा आदेश दंडाधिकाऱ्यांकडे मागता येतो. आत्ता तिने कपाटाचा विषय घरात काढू नये. जमल्यास दागिन्यांचे लग्नातले फोटो आणि पावत्यांच्या प्रती कोणा विश्वासू व्यक्तीकडे ठेवाव्यात, आणि पासपोर्टचा क्रमांक कुठे लिहिलेला असेल तर तो उतरवून घ्यावा.

हा धागा ती ज्या फोनवर वाचते आहे तो दुसरे कोणी पाहत असेल, तर वाचून झाल्यावर तेवढ्या भेटीची नोंद पुसावी. मी दुपारी चारनंतर मोकळी असते. आपण मला इथे खासगी निरोप पाठवा किंवा तिला पाठवायला सांगा. नाव सांगण्याची आवश्यकता नाही.

पारिजात_१२

सांगते तिला.